दोन आसनांच्या मोटारीत काय न्यावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मासिक सभेपुढे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी मंडळी बोलून गेली आहेत. आमची विद्या बी. ए. पर्यंतची आणि नोकरी केंद्र सरकारच्या फायलींची. तेव्हा ज्या एका गोष्टीत आम्ही खरोखर तेलाने हात काळे केले आहेत, तिच्याविषयी बोलणे आम्हांस अधिक सुरक्षित वाटते. ती गोष्ट म्हणजे जुनी स्पोर्ट्स मोटार घेऊन दूरच्या प्रवासास निघताना सुटे भाग आणि गरजेच्या वस्तू कोणत्या घ्याव्यात, आणि त्याहून अवघड म्हणजे कोणत्या घेऊ नयेत.

विषय चमत्कारिक वाटेल. पण या सभागृहातील बहुतेक कुटुंबांना तो परका नाही. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम हाती पडला की आपल्या घरांत हाच वाद होत आला आहे. पाटा-वरवंटा बरोबर न्यायचा की तिकडे घ्यायचा? गोडा मसाला किती महिन्यांचा करून ठेवायचा? लोखंडी कपाट विकायचे की मालडब्यात चढवायचे? कलकत्त्यास पहिल्यांदा आलेल्या कितीतरी गृहिणींनी भाराभर तांदूळ आणले आणि पुरणयंत्र मात्र मागे विसरले. तांदूळ बंगाल्यात मिळतो. पुरणयंत्र मिळत नाही. आजच्या व्याख्यानाचे सार, खरे म्हणजे, एवढेच आहे. पुढील सारा विस्तार मोटारीचा.

आपल्या मंडळाचे एक जुने सभासद, ज्यांना आपण सारे नाना म्हणतो, त्यांच्याकडे एमजीए या जातीची मोटार आहे. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथील एमजीच्या कारखान्यात ही जात १९५५ ते १९६२ या काळात तयार झाली. दोन आसने, कापडी टप, दारांना बाहेरून मुठी नाहीत, काचा वर-खाली करण्याची सोय नाही; पाऊस आला तर बाजूचे पडदे अडकवावयाचे. डिकी उघडली की तिच्यात स्टेपनी आडवी पसरलेली दिसते आणि तिच्या भोवती उरलेल्या कोपऱ्यांत जे मावेल ते सामान. जगातील बहुतेक जुन्या स्पोर्ट्स मोटारींची हीच तऱ्हा आहे. त्या बांधणाऱ्यांनी वाऱ्याचा विचार केला, वळणाचा केला, रूपाचा तर फारच केला. प्रवाशाच्या ट्रंकेचा केला नाही.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी नानांनी पुण्यास कायमचे जाण्याचे ठरविले, आणि गाडी मालमोटारीवर न चढविता स्वतः चालवीत न्यावयाची असा निश्चय केला. नानांचे वय ६८. मधुमेह बारा वर्षांचा, इन्शुलिन सुरू झालेले. वहिनी आझाद हिंद एक्सप्रेसने जाणार होत्या. ‘बरोबर कोणी असेल तरच गाडीला हात लावा,’ ही त्यांची अट. ते बरोबरचे आसन आमच्या वाट्यास आले. २०२४ सालच्या डिसेंबरात आम्ही निघालो. कलकत्ता ते पुणे, नागपूरमार्गे, १८०० किलोमीटरांहून अधिक.

निघण्यापूर्वी महिनाभर नानांच्या दिवाणखान्यात सुट्या भागांचा डोंगर साठत गेला. ओतीव लोखंडाचे सिलिंडर-हेड, डायनॅमो, सेल्फ स्टार्टर, पाण्याचा पंप, क्लचप्लेट, दोन स्प्रिंगपाटे, गॅस्केटांचा संच. आम्ही वजनकाटा आणून एकेक वस्तू तोलली. बेरीज ९४ किलो झाली. म्हणजे तिसरा माणूसच, आणि तोही जागा अडविणारा. आम्ही म्हटले, ‘नाना, रस्त्याच्या कडेला हेड कोण बदलणार?’ नाना म्हणाले, ‘अहो साहेब, असलेले बरे.’ ‘असलेले बरे’ या दोन शब्दांनी मराठी माणसाच्या ट्रंका जेवढ्या जड केल्या आहेत तेवढ्या कशानेच केल्या नसतील.

अखेर प्रत्येक वस्तूला आम्ही दोन प्रश्न विचारावयाचे ठरविले. ही वस्तू बिघडली तर गाडी जागीच उभी राहील काय? आणि ती पुढच्या तालुक्याच्या गावात मिळेल किंवा करवून घेता येईल काय? गाडी थांबवते आणि वाटेत मिळत नाही, ती वस्तू घ्यावयाची. बाकीचीसाठी नशीब, लोहार आणि कुरियर आहेत.

या विचाराला इतिहासाचा मोठा आधार आहे. १९०७ साली पेकिंगहून पॅरिसपर्यंत मोटारी हाकण्याची शर्यत झाली. १० जूनला पाच गाड्या निघाल्या आणि १० ऑगस्टला इटालियन सरदार शिपिओने बोर्गेझे यांची इटाला मोटार पहिली पॅरिसला पोहोचली. त्यांच्याबरोबर एत्तोरे गुइझार्दी हा कसबी यंत्रकार आणि लुइजी बार्झिनी हा वार्ताहर होता. पेट्रोल वाटेत सहजी मिळणार नव्हते, म्हणून ते उंटांच्या तांड्यांकरवी आधीच पुढे पाठविलेले. परंतु रशियात लाकडी चाक मोडले तेव्हा एका खेड्यातील सुताराने कुऱ्हाडीने लाकूड तासून ते उभे करून दिले. सुतार वाटेवर होता, पेट्रोल नव्हते. कोणती वस्तू कोठे असते हे ज्याला ठाऊक, त्याचे सामान हलके.

आता हिंदुस्थानच्या रस्त्यावर एमजीएचे काय मिळते? आमच्या मते या प्रवासातील सर्वांत मनोरंजक प्रश्न हाच होता, आणि आमच्यासारख्या सरकारी नोकराला त्याचे उत्तर अगदी घरचे निघाले. एमजीएच्या पहिल्या आवृत्तीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतील, १४८९ सीसीचे. आणि ज्या पांढऱ्या ॲम्बॅसॅडरच्या मागील आसनावर आमच्या वरिष्ठांच्या पिढ्या बसल्या, तिच्यातही दीर्घकाळ त्याच मालिकेचे, १४८९ सीसीचेच इंजिन होते! इंग्रज तरुण ज्या यंत्रावर वाऱ्याशी शर्यत लावीत, त्याच घराण्याच्या यंत्रावर आपले उपसचिव बैठकीस उशिरा पोहोचत. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बॅसॅडर निघणे २०१४ साली थांबले, कलकत्त्याच्या पिवळ्या टॅक्सीही रोडावत चालल्या. पण मल्लिकबाजारात, दिल्लीच्या काश्मीरी गेटात आणि आडगावच्या जुन्या गॅरेजांच्या माळ्यावर तिचे भाग अजून धूळ खात पडलेले आहेत. तेव्हा हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह असल्या इंजिनाच्या पोटातील भागांचा डोंगर आम्ही मागे ठेवला. मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. भावंडे म्हणजे जुळी नव्हेत. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, नळ्यांची वळणे यांत फरक असतात. म्हणून मल्लिकबाजारातून आणलेला प्रत्येक भाग जुन्याशेजारी ठेवून ताडून पाहिला, आणि जो बसला नाही तो परत केला.

उलट ज्या वस्तूंनी गाडी खात्रीने उभी राहते, त्या मुठीत मावणाऱ्या आहेत. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि टोपी, प्लग, फॅनबेल्ट, पाण्याचे होज पाइप आणि त्यांच्या क्लिपा, फ्यूज, ॲक्सिलरेटरची तार. यांतील रोटर आणि कंडेन्सर यांविषयी थोडे सविस्तर बोलावेसे वाटते, कारण येथे नव्यावर विश्वास ठेवणारे फसतात. जुन्या मोटारींसाठी हल्ली जे भाग नव्याने तयार होतात, त्यांत काही फार चांगले असतात आणि काही दोन दिवसांत मान टाकतात. वेष्टनावरून दोन्ही सारखेच दिसतात. काही रोटरांत पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते आणि त्या रिव्हेटमधून ठिणगी आतल्या आत दांड्यात उतरते. गाडी बंद, आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नानांनी एक पद्धत पाडली, जी आम्हांस फार आवडली. प्रत्येक रविवारी एक नवा भाग गाडीला लावावयाचा, डायमंड हार्बरपर्यंत जाऊन परत यावयाचे, आणि मग तो काढून, कागदात गुंडाळून, वर तारीख घालून पेटीत ठेवावयाचा. गाडीने ज्याची परीक्षा घेतली नाही तो भाग पेटीत गेला नाही. चांगला चालणारा जुना कंडेन्सर नव्यापेक्षा वरच्या खणात ठेवला.

हत्यारांच्या बाबतीत निराळी अडचण. ही गाडी इंचांची आहे. रस्त्यावरचा कारागीर कितीही कुशल असला तरी त्याच्या पेटीत मिलिमीटरचे पाने असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, १३ चा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की निसटतो आणि नटाचे कोपरे गोल करून जातो. त्यानंतर तो नट कोणाचाच राहत नाही. म्हणून इंची पान्यांचा संच स्वतःचा हवा आणि तो दुसऱ्याच्या हाती देताना समक्ष उभे राहावयास हवे. आरीच्या चाकांचा मधला मोठा नट सोडविण्यास तांब्याच्या तोंडाचा हातोडा लागतो. तोही कोठे उसना मिळत नाही. आऱ्यांच्या चाकात ट्यूब लागते, आणि हल्लीच्या महामार्गावर ट्यूबलेसचे युग असल्यामुळे या मापाची ट्यूब मिळणे कठीण. पंक्चर काढणारा मात्र दर दहा मैलांवर आहे. म्हणून ट्यूबा दोन घेतल्या. याशिवाय पक्कड, कानस, पॉलिश पेपर, तांब्याची तार, चिकटपट्टी, एम-सील आणि सुतळी. सुतळी हसण्यावारी नेऊ नये.

विजेचेही एक वैशिष्ट्य आहे. या गाडीत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. आजच्या गाड्यांत ऋण. वाटेत कोणी परोपकारी ट्रकवाला तारा घेऊन धावत आला तर त्याला सवयीप्रमाणे उलटे जोडू न देणे हे आपले काम. नानांनी बॅटरीच्या झाकणावर तांबड्या रंगाने हिंदी, बांगला आणि मराठीत तसे लिहून घेतले होते. बॅटरी बसलीच तर पुढून हँडल मारून गाडी चालू करता येते, ही त्या काळच्या लोकांची आपल्यावर मोठी मेहेरबानी.

पेट्रोलविषयी मात्र जुन्या पुस्तकांतील ज्ञान आता पुरत नाही. २०२५ पासून आपल्या देशात सर्वसाधारण पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. १९५०-६० च्या काळातील रबर या द्रव्यासाठी केलेले नव्हते; ते फुगते, मऊ होते, झिरपू लागते, आणि तापलेल्या एग्झॉस्टच्या जवळ झिरपणारे पेट्रोल म्हणजे काय हे सांगावयास नको. इथेनॉल सोसणारी नवी रबरी नळी सर्वत्र घालून घेणे आणि तिचा हातभर तुकडा क्लिपांसह बरोबर ठेवणे, हे आता ऐच्छिक राहिलेले नाही. पेट्रोलचा डबा आम्ही घेतला नाही. टाकी ४५ लिटरची आणि पंप गावोगाव. आग विझविण्याचे नळकांडे मात्र हाताशी, आसनांच्या मध्ये ठेवले.

आगीवरून १९६८ सालच्या लंडन-सिडनी मॅरेथॉनचे स्मरण होते. ९८ गाड्या २४ नोव्हेंबरला लंडनहून निघाल्या आणि पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करीत आपल्या मुंबईस आल्या. तेथून ‘चुसान’ या जहाजाने ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला गेल्या. पोर्शसारख्या वेगवान स्पोर्ट्स गाड्या होत्या, जीन डेंटन या इंग्रज बाईंची एमजीबीही होती. सिडनीजवळ येईपर्यंत बेल्जियमचा ल्युसिआँ बिआंकी पुढे होता; नाउरा गावाजवळ समोरून आलेल्या दुसऱ्या गाडीशी त्याच्या सित्रोएँची टक्कर झाली. मागून येणारा पॅडी हॉपकर्क जिंकण्याची संधी सोडून मदतीस थांबला. पहिला आला अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर या साध्या कौटुंबिक गाडीत. शेवटपर्यंत ५६ गाड्या पोहोचल्या. बाकीच्यांजवळ सुटे भाग नव्हते असे थोडेच आहे!

आता माणसांविषयी. आमचा आणि नानांचा खरा खटका येथेच उडाला. यादी कातरून २६ किलोंवर आली होती, पण त्यात डायनॅमो राहिला होता. नानांचा जीव त्यात अडकलेला. आमचे म्हणणे असे की बॅटरी पूर्ण भरलेली असली आणि दिवे लावले नाहीत तर डायनॅमोवाचूनही दिवसा बरेच अंतर कापता येते. आणि ज्या कोपऱ्यात तो बसतो तेथेच, हात पोहोचेल अशी, पाण्याची आणि औषधांची पिशवी बसते. दुसरी जागा नव्हती. एमजीएच्या पायांखालची जागा इंजिनामुळे इतकी तापते की डिसेंबरातही बुटाचा तळवा गरम लागतो. तेथे इन्शुलिन ठेवणे शक्यच नव्हते. उघडलेले बहुतेक इन्शुलिन-पेन सुमारे चार आठवडे ३० अंशांच्या आत राहू शकते; त्यावर गेले तर औषधाचा गुण उतरतो, आणि पेनाकडे पाहून ते कळत नाही. पाण्यात भिजवून गार राहणारी एक कापडी पिशवी मिळते. आपल्या माठाचेच तत्त्व. कलकत्त्याच्या दमट हवेत ती यथातथाच, विदर्भाच्या कोरड्या हवेत उत्तम. नाना दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहिनींनीच डायनॅमो उचलून पलंगाखाली सरकविला.

पहिल्या दिवशी खरगपूर, बहरागोडा, बांगरीपोसीचा घाट येथवर गाडी घड्याळासारखी चालली. जशीपूरच्या पुढे, केंदुझारच्या अलीकडे, खनिजाच्या मालमोटारींची तांबडी धूळ उडत असताना तिने दोन आचके दिले आणि ती थांबली. किल्ली फिरवून आम्ही कान लावला. या गाडीचा पेट्रोलचा पंप विजेचा. तो टकटक करतो. टकटक भराभर आणि न थांबता होत असेल तर टाकी रिकामी किंवा कोठेतरी हवा शिरते. टकटकच नसेल तर बहुधा पंपातील पॉइंट चिकटले. आवाज नव्हता. नानांनी हातोड्याच्या लाकडी दांड्याने पंपाला हलकेच दोन टोले दिले, टकटक सुरू झाली, पाच मिनिटांनी पुन्हा बंद. मग पंप उघडणे आले. दुपारचे तीन वाजत आले होते, जेवण व्हावयाचे होते, सकाळचे इन्शुलिन घेतलेले.

पॉलिश पेपर मागता मागता नाना एकच वाक्य दोनदा बोलले. मग पाना हातातून पडला आणि ते त्याच्याकडे पाहत राहिले. कपाळावर घाम, बोटे थरथरत होती. साखर उतरली होती. मागे वळून पिशवीत हात घालण्यास आम्हांस एक क्षण लागला. ग्लुकोजची तीन चमचे पूड पाण्यातून दिली, सावलीत बसविले, पंधरा मिनिटे थांबलो. मग वहिनींनी दिलेल्या दशम्या. त्या पंधरा मिनिटांत मोटार हा विषय आम्हांस सर्वस्वी परका वाटत होता. नाना सावध झाले तेव्हा त्यांनी प्रथम पिशवीकडे पाहिले आणि म्हणाले, ‘डायनॅमो विकून टाका हो.’ पंपाचे पॉइंट नंतर आम्ही साफ केले, नाना बसल्या जागेवरून सांगत होते.

त्या दिवसापासून नियम झाला की दोन तासांनी गाडी थांबवावयाची, आणि सूर्यास्तानंतर चालवावयाची नाही. चारही चाकांना ड्रमब्रेक, दिवे मिणमिणते आणि समोर अवजड वाहने. अंधारात या गाडीस हौस पुरत नाही. संबळपूरला पेट्रोलचा वास आला. कार्ब्युरेटरजवळचा एक जुना तुकडा बदलावयाचा राहून गेला होता, तो घामेजला होता. हातभर नळी तेथे कामास आली. रायपूरच्या अलीकडे एग्झॉस्टचा कंस तुटून नळकांडे रस्त्याला घासू लागले. कंस आमच्या पेटीत नव्हता, असण्याचे कारणही नव्हते; सुतळी आणि तारेने बांधून बारा किलोमीटर गेलो आणि एका वेल्डरने चहा होईपर्यंत जोडून दिला. पैसे घेण्याऐवजी त्याने मुलाला गाडीत बसवून छायाचित्र काढून घेतले.

नागपूरनंतर समृद्धी महामार्गाचा मोह झाला होता. रस्ता निःसंशय भव्य आहे. परंतु दोन्ही बाजूंना कुंपण, गाव लांब, आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांचा वेग आमच्या दुप्पट. जेथे लोहार नाही तेथे आमचे २३ किलोंचे गणित चालत नाही. आम्ही अमरावती-अकोल्याचा जुना रस्ता धरला आणि एकंदर सातव्या दिवशी पुण्यास पोहोचलो.

कागदपत्रांविषयी एक शब्द, कारण सवयीने ते आमचे खाते. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली निराळ्या नोंदणीचे नियम झाले; पण त्या नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच मोकळीक. नानांची गाडी साध्या नोंदणीवर, मुदत वाढवून घेतलेली होती. प्रवासाचा बेत असेल त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी हे नीट वाचावे.

पुण्यास उतरल्यावर आम्ही पेटी उघडून मोजणी केली. वापरलेल्या वस्तू: पॉलिश पेपर, नळीचा तुकडा, दोन क्लिपा, तार, सुतळी आणि एक फ्यूज. रोटर, कंडेन्सर, ट्यूबा, फॅनबेल्ट जसेच्या तसे. नानांनी ते पुन्हा कागदात गुंडाळले आणि नवी तारीख घातली. यादीची एक प्रत त्यांनी पेटीच्या झाकणास आतून चिकटविली आहे. दुसरी आम्ही आपल्या कार्यवाहांकडे दिली आहे, ज्यांना हवी त्यांनी उतरवून घ्यावी. तिच्यात सर्वांत वर, नानांच्या अक्षरात, ग्लुकोज आहे.